मागचा रॉड

कोराडीच्या वीज केंद्रात शालिकराम पराते फिटर होता आणि त्याच्या हाताला यश आहे, ही गोष्ट सगळ्या कॉलनीला ठाऊक होती. कोणाच्या सायकलचं फ्रीव्हील असो, कोणाच्या स्टोव्हचा पंप असो, माणसं त्याच्याच क्वार्टरचं दार वाजवायची. ‘होते ना, काहून नाही होणार?’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. बायको चंद्रकला शेजारणींना सांगायची, की ‘मले हे येत नाही’ असं या माणसाच्या तोंडून वीस वर्षांत मी ऐकलं नाही. ती हे कौतुकानं सांगायची.

चंद्रकलाचा धाकटा भाऊ चंद्रभान हेडाऊ शहरात, तांडापेठेत राहायचा. घर विणकराचं. वडील होते तोवर घरात दोन माग चालत होते. चंद्रभान अठराव्या वर्षी मागावरून उठला तो ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला, आणि चाळिशी जवळ आली तेव्हा त्यानं एक जुनी फियाट घेऊन टॅक्सी सुरू केली. गोळीबार चौकातल्या अड्ड्यावर त्याची गाडी उभी असायची. आई मैनाबाई घरीच असायची आणि सत्तरी आली तरी शेजारच्या मागवाल्यांसाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. जावयावर तिचा फार जीव. शालिकराम घरात आला की ती पदर सावरून उठायची आणि पहिलं ताट त्याचंच वाढायची.

गाडी चांगली होती, पण तिला एक खोड होती. पाच-सहा माणसं बसली आणि वळण आलं, की ती एका अंगाला झुकायची. झुकली की मागच्या सीटवरच्या बायका एकमेकींवर पडायच्या, पोरं ओकायची. अड्ड्यावरच्या ड्रायव्हर लोकांनी तिचं नाव ‘डोली’ ठेवलं होतं. ‘चंद्रभान, तुझी डोली निघाली का गा?’ असं कोणी म्हटलं, की सगळे हसायचे. चंद्रभानही हसायचा. तो मुळातच शांत माणूस. पण एकदा ही थट्टा शालिकरामच्या समोर झाली आणि ती शालिकरामला लागली.

‘‘तुझी गाडी डोलते आन् मी इथं जिता आहे?’’ तो म्हणाला. ‘‘आण रविवारी. पाहू तिले.’’

त्या रविवारी तो क्वार्टरसमोर गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तो हसत. गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधे एक आडवा लोखंडी रॉड असतो. गाडी झुकायला लागली की तो पिळला जातो आणि तिला सावरून धरतो. या गाडीचा तो रॉड करंगळीसारखा बारीक होता आणि त्याचे रबरी बुशही झिजून गेले होते.

‘‘हे पाह्य, याच्यात जीवच नाही,’’ शालिकराम म्हणाला. ‘‘असा जाड रॉड टाकतो, का गाडी पाटावर बसल्यावानी बसली पाहिजे.’’

‘‘नुसते रबर बदलले तं नाही चालणार का भाऊजी?’’

‘‘नुसते रबर बदलाले कोणीबी बसला आहे.’’

असा रॉड बाजारात मिळत नव्हता. तो शोधत शालिकराम वाडीला गेला. अमरावती रोडवर ट्रकवाल्यांच्या गोदामांच्या मागे बाबूलाल नावाचा कबाडी होता. जुन्या गाड्या तोडून त्याची उभी हयात गेली होती. त्याच्या ढिगात एका विलायती मोटारीचा मागचा रॉड निघाला, अंगठ्याएवढा जाड, गंज नाही, चीर नाही. शालिकराम तो हातात घेऊन बघत राहिला. लांबी जास्त होती, पण ती कापता येणार होती. टोकं तापवून वाकवता येणार होती.

बाबूलालनं विचारलं, ‘‘फियाट में डालोगे? आगे का भी बदलोगे ना?’’

‘‘आगे का ठीक है.’’

‘‘तो ये मत डालो, उस्ताद. पीछे इतना कड़ा और आगे नरम, तो गाड़ी पीछे से घूमेगी. आगे का बदलो, नहीं तो पतला रॉड लो.’’

शालिकराम हसला. तीस-तीस टन वजनाच्या मशिनी उघडून बसवणाऱ्या माणसाला एक कबाडी शिकवत होता. ‘‘मेरेको मालूम है,’’ तो म्हणाला, आणि रॉड सायकलच्या दांड्याला बांधून घेऊन आला. पुढे कितीतरी दिवस त्याला बाबूलालचं वाक्य शब्दाशब्दानं आठवायचं आणि ‘मेरेको मालूम है’ हे आपलं उत्तरही आठवायचं. त्याला काहीही मालूम नव्हतं.

बसवायचं काम मात्र त्यानं झकास केलं. एकोणऐंशी सालचा डिसेंबर होता, ऊन हवंहवंसं वाटत होतं. चंद्रभाननं गाडी अंगणात लावली. पुढच्या चाकांना विटा लावून त्यांनी मागची बाजू जॅकवर उचलली आणि खाली लाकडी ठोकळे दिले. जुने नट गंजून धरले होते. त्यांच्यावर घासलेट ओतून दोघं चहा प्यायले, मग पाना लावला. बारीक रॉड निघाला. चंद्रभान पोटावर झोपून पलीकडचं टोक धरून होता आणि शालिकराम अलीकडून नवा रॉड सरकवत होता. नव्या रबरांना त्यानं साबण लावला, म्हणजे ती क्लॅम्पमध्ये नीट बसतात. नट त्यानं हातानंच लावून ठेवले आणि गाडी जमिनीवर उतरवल्यावर, वजन चाकांवर आल्यावर, मग शेवटचे कसले.

‘‘हे काहून असं?’’ चंद्रभाननं विचारलं.

‘‘लटकत्या गाडीत कसलं तं रबर पिळून राह्यते. आठ दिवसांत फाटते.’’

‘‘तुमाले सगळंच माहीत असते,’’ चंद्रभान म्हणाला. तो अगदी मनापासून म्हणाला.

संध्याकाळी चंद्रकला, शेजारच्या शोभाताई आणि त्यांच्या दोन मुली अशा सगळ्यांना बसवून चंद्रभाननं कॉलनीला एक फेरी मारली. गाडी वळली पण झुकली नाही. शोभाताईंच्या मांडीवर पाण्याचा तांब्या होता, त्यातलं पाणी सांडलं नाही. खाली उतरल्यावर चंद्रभाननं शालिकरामचे दोन्ही हात धरले. सोमवारी कँटीनमध्ये शालिकरामनं ही गोष्ट तीनदा सांगितली आणि तिसऱ्या वेळी तांब्या काठोकाठ भरलेला झाला. अड्ड्यावर ‘डोली’ हे नाव बंद पडलं.

पंधरा-वीस दिवसांनी चंद्रभान आला तेव्हा जाता जाता म्हणाला, ‘‘भाऊजी, एक इचारू? लहान वळणावर आतलं मागचं चाक उचलल्यावानी वाटते. एकदा बुडाखालून गाडी सरकल्यावानीबी झाली.’’

‘‘तुले डोलाची सवय आहे ना, म्हणून वाटते तसं,’’ शालिकराम म्हणाला. ‘‘होईन सवय.’’

आणि चंद्रभानचा त्याच्यावर विश्वास असल्यामुळे तो विषय तिथेच संपला.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चंद्रभान आईला घेऊन कोराडीला निघाला. लेकीकडे दोन दिवस राहायची मैनाबाईची इच्छा होती. दुपारची दोन-अडीचची वेळ. कॉलनीच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे कोणाच्या तरी ट्रकमधून राख सांडली होती आणि धूळ बसावी म्हणून कोणी त्यावर पाणी मारून गेलं होतं. ओली राख साबणासारखी होते. चंद्रभानला ती दिसली. त्यानं गाडी हळू केली. पण वळणावर गाडीचा मागचा भाग अचानक सुटला, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि मागच्या दारानं रस्त्याकडेच्या कडुनिंबावर आदळली. मैनाबाई त्याच बाजूला बसली होती. तिचा उजवा हात कोपरातून मोडला. चंद्रभानच्या कपाळाला खोक पडली.

शालिकराम ड्यूटीवर होता. निरोप मिळाला तसा तो दवाखान्यात पळाला. चंद्रकला आधीच पोहोचली होती आणि व्हरांड्यात भावाच्या अंगावर ओरडत होती.

‘‘म्हातारी माय गाडीत बसली होती, तेवढंबी ध्यान नाही? कुठं चालला होता एवढ्या घाईनं?’’

‘‘मी हळू होतो, ताई,’’ चंद्रभान म्हणत होता. कपाळाची पट्टी रक्तानं भिजली होती. ‘‘देवाशपथ हळू होतो. गाडी मागून फेकल्यावानी गेली.’’

‘मागून’ हा शब्द शालिकरामनं ऐकला. बाबूलालचं वाक्य त्याला तिथे, त्या व्हरांड्यात, पहिल्यांदा आठवलं. तो भिंतीला टेकून उभा राहिला. आत खाटेवरून मैनाबाई क्षीण आवाजात सांगत होती, ‘‘पोराले बोलू नका वं. पोरगा हळू होता. मी पाहून राहिली होती.’’

‘‘माय आहे, ती असंच म्हणन,’’ चंद्रकला म्हणाली.

शालिकरामकडे सगळ्यांनी पाहिलं. गाड्यांमधलं त्याला कळत होतं. त्यानं चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘झालं ते झालं. आता बोलून काय फायदा?’’ सगळ्यांना त्याचा मोठेपणा वाटला.

गाडी ओढून त्याच्या अंगणात आणली गेली. मागचं दार आत गेलं होतं, पण चाकं, एक्सल, इंजिन धड होतं. तिसऱ्या दिवशी शालिकरामनं सुट्टी टाकली, चंद्रकला दवाखान्यात गेल्यावर गाडी सुरू केली आणि कॉलनीमागच्या मोकळ्या मैदानावर नेली. तिथे मऊ धूळ होती. त्यानं सायकलच्या वेगानं एक वळण घेतलं, मग थोडं जोरात. दुसऱ्या वळणावर मागचा भाग त्याच्या हातून निसटला आणि गाडी आडवी होऊन थांबली. धूळ त्याच्या अंगावरून पुढे गेली. तो स्टिअरिंग धरून बसून राहिला. तो एकटा होता, गाडीत दुसरं कोणी नव्हतं, वेग काहीच नव्हता, तरीही गाडी फिरली होती. त्याच्या जाड रॉडनं दोन्ही चाकं जणू एकमेकांना जखडून टाकली होती. एक दबलं की दुसरं उचललं जात होतं आणि मागच्या टायरांची जमिनीवरची पकडच जात होती. बाबूलाल हेच म्हणाला होता. चंद्रभाननंही हेच सांगितलं होतं, फक्त त्याला त्याचं कारण माहीत नव्हतं.

त्या क्षणी तो उठून दवाखान्यात गेला असता तर गोष्ट इथेच संपली असती. पण तो गाडी घेऊन घरी आला. अंगणात जॅक लावला आणि गाडीखाली शिरून त्यानं तो जाड रॉड काढला. जुना बारीक रॉड बंबाच्या लाकडांमागे पडला होता, तो पुसून, नव्या रबरांत घट्ट बसावा म्हणून त्याला पातळ पट्टी गुंडाळून परत बसवला. यावेळी पलीकडचं टोक धरायला कोणी नव्हतं. ते त्यानं पायानं धरलं. नट कसताना त्याचा हात घसरला आणि बोटं सोलून निघाली, पण तो थांबला नाही. चंद्रकला यायच्या आत हे झालं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चोरी करणाऱ्या माणसाचं मन कसं असेल, ते त्याला त्या दिवशी कळलं. जाड रॉड त्यानं पोत्यात गुंडाळून न्हाणीच्या माळ्यावर टाकला.

चंद्रकला आली तेव्हा तो हात धूत होता.

‘‘काय करून राहिले?’’

‘‘रॉड वाकला होता,’’ तो म्हणाला. ‘‘जुना टाकला.’’

तिनं त्याच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं आणि हळद आणायला आत गेली.

पुढच्या दोन आठवड्यांत शालिकरामनं दार ठोकून सरळ केलं, रंग लावला, काच बसवली. सगळं स्वतःच्या हातानं केलं, आणि जितकं जास्त करत गेला तितकं चंद्रभान त्याला जास्त मानत गेला. तांडापेठेत त्यानं घरोघर सांगितलं, की बहिणीचा नवरा असावा तर असा, असा भाटवा नशिबानं मिळतो. माझी चूक असून एका शब्दानं बोलला नाही, उलट गाडी नवी करून दिली. हे शालिकरामच्या कानावर यायचं आणि त्याचा घास तोंडातच राहायचा.

गाडी न्यायला आला त्या दिवशी चंद्रभान बराच वेळ तिच्याभोवती फिरला. मग त्यानं खाली पाहत विचारलं, ‘‘भाऊजी, खरं सांगा. गाडीनं काही केलं का? का मीच चुकलो? मले कळूनच नाही राहिलं. हातानं स्टिअरिंग बरोबर फिरवलं होतं असं वाटते, पण सगळे म्हणतात का मले डुलकी लागली असन. मले आता माझंच खरं वाटत नाही.’’

हा दुसरा मोका होता. शालिकरामनं तोंड उघडलंही होतं.

‘‘गाडीत काही नाही,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणजे मीच,’’ चंद्रभान म्हणाला आणि मान हलवून गाडीत बसला.

त्यानं गाडी घरापर्यंत नेली आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवली. नंतर चालवलीच नाही. अड्ड्यावर लोक त्याला ‘झोपाळू’ म्हणू लागले होते, पण कारण तेवढंच नव्हतं. त्याचा स्वतःच्या हातांवरचा भरवसा उडाला होता. बायको देवकीनं खूप समजावलं, पण चावी हातात घेतली की त्याला घाम फुटायचा. शेवटी तो शेजारच्या मागवाल्याकडे मागावर जाऊन बसला. बावीस वर्षांनी. धागा सारखा तुटायचा. मैनाबाईच्या हाताचं प्लॅस्टर निघालं, पण कोपर ताठच राहिलं. तिला चरख्याचं चाक फिरवता येईना. ती ओसरीवर बसून दुसऱ्यांच्या कांड्या बघायची.

शालिकराम दर रविवारी सासूला बघायला जाऊ लागला. जाण्याची इच्छा नसायची, पण न जाणं त्याहून कठीण वाटायचं. मैनाबाई डाव्या हातानं त्याच्यापुढे ताट सरकवायची. ‘‘घ्या, जवाईबापू,’’ म्हणायची. तो भाताकडे बघत जेवायचा. आता कॉलनीतलं कोणी काही दुरुस्तीला घेऊन आलं, तर तो ‘पाहतो’ म्हणायचा आणि आठ-आठ दिवस पाहायचा नाही. एकदा शोभाताईंचा स्टोव्ह त्यानं तसाच परत दिला. ‘‘मले नाही जमणार,’’ तो म्हणाला, आणि चंद्रकला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन त्याच्याकडे बघत उभी राहिली.

मार्च संपत आला होता. असाच एक रविवार, तांडापेठेतली ओसरी. जेवणं झाली होती. चंद्रकलाही सोबत आली होती, ती आत देवकीबरोबर भांडी आवरत होती. चंद्रभान बाहेरून एका गृहस्थाला घेऊन आला. कृष्णकांत मास्तर, जवळच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्याकडेही फियाट होती, मेहुण्याकडून आलेली.

‘‘भाऊजी, मास्तरांची गाडीबी डोलते,’’ चंद्रभान म्हणाला. ‘‘मी मास्तरांले म्हटलं, चूक माझी होती, रॉड तं सोन्यावानी होता. आमचे भाऊजी तसाच बसवून देतीन.’’

मास्तर पुढे झाले. ‘‘उन्हाळ्यात मुलांना घेऊन पचमढीला जायचं आहे. घाटात बायकोला फार त्रास होतो. तुम्ही तेवढं करून द्या.’’

‘‘मले सवड नाही, मास्तर,’’ शालिकराम म्हणाला.

‘‘काही हरकत नाही. चंद्रभाननं मला त्या वाडीच्या कबाड्याचं नाव दिलंय. रॉड आणतो आणि आमच्या गल्लीतल्या लोहाराकडून बसवून घेतो. फक्त जाडी किती होती तेवढं सांगा.’’

ते खिशातून पेन काढून वाट बघत उभे राहिले. शालिकरामला पचमढीचा घाट माहीत होता. तो एकदा कामगारांच्या सहलीत गेला होता. एका बाजूला खडक आणि एका बाजूला दरी. मास्तरांची मुलं किती आहेत, असं त्याला विचारावंसं वाटलं आणि विचारायची भीतीही वाटली.

‘‘तो रॉड टाकू नका, मास्तर.’’

‘‘का?’’

‘‘त्या रॉडनंच गाडी फिरली होती.’’

चंद्रभान आधी हसला, कारण भाऊजी आपल्याला सांभाळून घेत आहेत असं त्याला वाटलं. ‘‘तसं नका म्हणू भाऊजी, तुमी स्वतः पाह्यली गाडी. काही नव्हतं म्हणाले.’’

‘‘मी खोटं बोललो गा.’’ शालिकरामला आपला आवाज परका वाटत होता. त्यानं सगळं सांगितलं. बाबूलालनं काय सांगितलं होतं, मैदानावर काय झालं, रॉड केव्हा काढला, कुठे ठेवला. सांगताना त्याची नजर ओसरीच्या फरशीवरून उठली नाही. मास्तरांनी पेन बंद करून खिशाला लावलं आणि ‘येतो’ असं पुटपुटून ते निघून गेले.

चंद्रभाननं विचारलं, ‘‘मैदानावर कधी नेली होती गाडी?’’

‘‘तिसऱ्या दिवशी.’’

‘‘म्हणजे मी अंगणात तुमाले इचारलं, तवा तुमाले माहीत होतं.’’

‘‘माहीत होतं.’’

चंद्रभान खांबाला धरून खाली बसला. तो रागावला असता, अंगावर आला असता, तर शालिकरामला बरं वाटलं असतं. पण तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत होता. तळवे वर करून, जणू ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

आतल्या बाजूला मैनाबाई बसली होती. ती जावयाशी आजवर मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली. ‘‘मी सांगून राहिली होती, पोरगा हळू होता. कोणी ऐकलं नाही. तुमी तं तिथंच उभे होते, जवाईबापू.’’

शालिकरामनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ‘‘चुकलो, माय,’’ तो म्हणाला. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

थोड्या वेळानं चंद्रभान म्हणाला, ‘‘मले काय सांगता? मले तं आज ना उद्या कळलंच असतं. अड्ड्यावर जाऊन सांगा. जिथं मले झोपाळू म्हणतात तिथं.’’

‘‘जातो.’’

‘‘आत्ता जा.’’

भर दुपार होती. शालिकराम गोळीबार चौकात पोहोचला तेव्हा पाच-सहा ड्रायव्हर सावलीला पत्ते खेळत होते. सगळ्यांत वडील नानाजी चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांनी त्याला ओळखलं. ‘‘या, रॉडवाले,’’ ते म्हणाले, कारण अजूनही तिथे त्याच्या कसबाचं नाव होतं.

तो उभ्यानंच बोलला. चंद्रभानची चूक नव्हती, त्याला झोप लागली नव्हती, माझ्या रॉडनं गाडी फिरली, हे मला माहीत होतं आणि मी लपवलं. चार वाक्यं. घरून निघताना त्यानं ती जुळवली होती, तरी मधे अडखळला. एक जण हसला, ‘‘मग डोलीच बरी होती म्हणा!’’ बाकीचे हसले नाहीत. नानाजींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

‘‘हे सांगाले अडीच महिने लागले तुमाले?’’

तो तसाच उभा राहिला. पत्ते पुन्हा वाटले गेले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आता त्यानं जावं अशी त्यांची अपेक्षा आहे.

कोराडीच्या बसमध्ये चंद्रकला खिडकीशी बसली होती. मानकापूर मागे पडलं. मग बाहेर बघतच म्हणाली, ‘‘मी त्याले दवाखान्यात किती बोलली. माझ्या भावाले. त्याच्या डोक्यातून रक्त येऊन राह्यलं होतं आन् मी बोलून राह्यली होती. तुमी भिंतीले टेकून ऐकत होते.’’

‘‘हो,’’ तो म्हणाला.

‘‘मले कमीत कमी तवा तरी थांबवाचं होतं.’’

हे त्याला सगळ्यांत जास्त लागलं.

चंद्रभान लगेच गाडीवर बसला नाही. एप्रिलमध्ये नानाजी स्वतः त्याच्या घरी गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि रोज सकाळी त्याला एक-एक फेरी मारायला लावू लागले. आधी गल्लीत, मग कामठी रोडला. मे महिन्यात तो अड्ड्यावर परत आला. गाडीच्या दुरुस्तीचं काम तो आता इतवारीतल्या एका मिस्त्रीकडे न्यायचा. राखीला तो कोराडीला आला, बहिणीकडून राखी बांधून घेतली, आणि शालिकराम ड्यूटीवरून यायच्या आत निघून गेला. मैनाबाईचं कोपर कधीच सरळ झालं नाही. शालिकराम रविवारी जायचा, तिच्याजवळ बसायचा. ती त्याला पाणी द्यायची, पण ताट आता देवकी वाढायची, आणि सगळ्यांबरोबर वाढायची. त्याला ते बरोबर वाटायचं.

दिवाळीनंतरची गोष्ट. शालिकराम शहरात सदरला कामाला आला होता आणि परतीच्या बसची वाट बघत उभा होता. बस आली नाही. समोर एक फियाट थांबली. चंद्रभान होता, गाडी रिकामी होती. त्यानं क्षणभर स्टिअरिंगवर बोटं आपटली, मग हात लांब करून मागचं दार उघडलं. पुढचं नाही, मागचं. शालिकराम मागे बसला, सवारी बसते तसा, गुडघे जुळवून.

छावणी गेली, मानकापूर गेलं. आरशात चंद्रभानचे डोळे एकदा दिसले आणि रस्त्याकडे वळले.

‘‘ताई कशी आहे?’’ त्यानं विचारलं.

‘‘बरी आहे.’’

कॉलनीच्या अलीकडचं ते वळण आलं आणि चंद्रभाननं गाडी हळू केली.